उच्च-शक्ती मॉडेल रॉकेट : दुरुस्ती, फेरबदल आणि स्थिरतेची फेरतपासणी

जमिनीवर आपटून पंख निखळलेले रॉकेट एपॉक्सीने जोडता येते, रंग देऊन नव्यासारखे करता येते. पण ते सरळ उडेल का, हे रंगावरून कळत नाही. दुरुस्तीत वजन वाढते, फेरबदलात त्या वजनाची जागा बदलते, आणि रॉकेटची स्थिरता नेमकी याच दोन गोष्टींवर अवलंबून असते. म्हणून दुरुस्त केलेले रॉकेट हे नवे रॉकेट समजून तपासावे, हे या पाठाचे मुख्य सूत्र आहे.

1. उच्च-शक्ती रॉकेट कशाला म्हणतात?

रॉकेटच्या मोटरींना त्यांच्या एकूण आवेगानुसार अक्षरे दिलेली असतात. प्रत्येक पुढच्या अक्षराला आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट होते. 'जी' वर्गाची मर्यादा 160 न्यूटन-सेकंद आहे. त्यापुढचा 'एच' आणि त्यावरील वर्ग उच्च-शक्तीचे मानले जातात. अमेरिकेत नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन या संस्था त्यासाठी तीन पातळ्यांवर प्रमाणपत्र देतात : पहिली पातळी एच व आय, दुसरी जे, के व एल, तिसरी एम आणि पुढील मोटरींसाठी. हे संच प्रामुख्याने तिथेच वापरले जातात. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे काही संघही तिथल्या स्पर्धांत उतरले आहेत.

2. नुकसान आणि त्याची दुरुस्ती

(अ) नळी चिरणे : रॉकेट वेगात असतानाच पॅराशूट बाहेर पडले, तर ताणलेली दोरी नळीचा काठ उभा चिरत जाते. नुसती चीर चिकटवू नये. चिरलेला भाग काटकोनात कापून टाकावा, आत घट्ट बसणारा जोडतुकडा एपॉक्सीने बसवावा आणि त्यावर नवी नळी जोडावी. मूळ कारणही शोधावे. बहुतेक वेळा पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या स्फोटाची वेळ चुकलेली असते किंवा दोरी आखूड असते. दोरी रॉकेटच्या लांबीच्या तीन ते पाच पट ठेवण्याचा प्रघात आहे.

(आ) पंखाला तडा जाणे : तडा सहसा पंख नळीला मिळतो तिथे, म्हणजे मुळाशी जातो. आधी रंग पूर्ण खरवडावा, कारण एपॉक्सी रंगाला चिकटले तर ताण आल्यावर रंगासकट सुटते. पृष्ठभाग जाड सँडपेपरने खरखरीत करून अल्कोहोलने पुसावा. पाच मिनिटांत घट्ट होणारे एपॉक्सी उष्णतेने लवकर मऊ पडते. मोटरजवळच्या सांध्यांना सावकाश घट्ट होणारेच वापरावे. पंख व नळी यांच्यातील कोपऱ्यात एपॉक्सीची गोलसर भर द्यावी आणि पंख सरळ आहे ना, हे प्रत्येक बाजूने पाहावे. तिरका पंख रॉकेटला गिरकी घ्यायला लावतो.

(इ) दोरी करपणे : करपलेली दोरी गाठ मारून वापरू नये, बदलावी. मोटरजवळच्या भागात नायलॉन वितळते. तिथे केवलार टिकते.

मोटर मात्र कधीही उघडू नये, तिची दुरुस्ती करू नये किंवा ती घरी बनवू नये. तडा गेलेली अथवा आपटलेली मोटर बादच करावी.

3. स्थिरता : दोन बिंदूंचा खेळ

रॉकेट ज्या बिंदूवर तोलले जाते तो गुरुत्वमध्य. हवेचा बाजूचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो असे मानतात तो दाबमध्य. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, म्हणजे टोकाच्या बाजूला हवा. तसे असेल तर रॉकेट किंचित कलले तरी हवा त्याला परत सरळ करते. उलट असेल तर हवाच त्याला आणखी फिरवते. दोहोंमधील अंतर नळीच्या व्यासात मोजतात आणि ते निदान एक व्यास असावे, असा संकेत आहे. दाबमध्य काढण्यासाठी जेम्स बॅरोमन यांनी 1966 साली मांडलेली समीकरणे आजही वापरली जातात. ओपनरॉकेट या मोफत संगणक प्रणालीतही हे गणित करता येते. गुरुत्वमध्य मात्र प्रत्यक्ष तोलूनच ठरवावा, आणि तोही भरलेली मोटर व घडी घातलेले पॅराशूट आत ठेवून.

4. सोडवलेले उदाहरण

समजा, रॉकेटचा व्यास 10 सेमी, मोटरसह वस्तुमान 2400 ग्रॅम, टोकापासून गुरुत्वमध्य 100 सेमीवर आणि दाबमध्य 115 सेमीवर आहे. अंतर 15 सेमी, म्हणजे दीड व्यास. रॉकेट स्थिर आहे.

आता पंखांच्या दुरुस्तीत 140 सेमीवर 120 ग्रॅम एपॉक्सी लागले. शिवाय पूर्वीपेक्षा 400 ग्रॅम जड मोटर बसवली. हे जादा वजन 138 सेमीवर येते, असे धरू.

नवा गुरुत्वमध्य = (2400×100 + 120×140 + 400×138) ÷ 2920 = 312000 ÷ 2920 = 106.8 सेमी

अंतर 8.2 सेमी उरले, म्हणजे 0.82 व्यास. वरून धडधाकट दिसणारे हे रॉकेट आता उडवण्यायोग्य नाही. टोकात 15 सेमीवर 60 ग्रॅम वजन पक्के बसवले, तर गुरुत्वमध्य 105 सेमीवर येतो आणि एक व्यासाचे अंतर मिळते. पूर्वीचे दीड व्यास हवे असेल, तर सुमारे 235 ग्रॅम लागतील.

5. वजन वाढले की आणखी काय तपासावे?

सरासरी रेटा रॉकेटच्या वजनाच्या पाचपट असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. 60 ग्रॅम धरून वरील रॉकेटचे वस्तुमान 2980 ग्रॅम होते. त्याचे वजन सुमारे 29 न्यूटन, म्हणून रेटा निदान 146 न्यूटन हवा. पॅराशूटही पाहावे : तेच पॅराशूट ठेवून वजन 21 टक्के वाढले, तर उतरण्याचा वेग 10 टक्के वाढतो. उंचीमापक बसवला असेल, तर त्याच्या कप्प्याला बाहेरच्या हवेसाठी सारख्या अंतरावर लहान छिद्रे हवीत. तो हवेच्या दाबावरूनच उंची ठरवतो.

ही सर्व मापे तारखेसह वहीत नोंदवा आणि उड्डाणाची परवानगी देणाऱ्या जबाबदार व्यक्तीला दाखवा. भारतात असे उड्डाण संस्थेच्या देखरेखीखाली आणि आवश्यक त्या सरकारी परवानग्या घेऊनच करावे.

स्वाध्याय

वरील उदाहरणात टोकाचे वजन 15 सेमीऐवजी 45 सेमीवर बसवले, तर एक व्यासाच्या अंतरासाठी किती ग्रॅम लागतील? (उत्तर : 90 ग्रॅम) वजन टोकाच्या जितके जवळ, तितके ते कमी का लागते, हे दोन वाक्यांत लिहा.