डिजिटल स्वाक्षरीचे टोकन : जुळणी, व्यवस्थापन आणि गावपातळीवरील उत्तरदायित्व
(विशेष संदर्भ : झरी, ता. जि. परभणी)

प्रस्तावना :
शिवकालीन पत्राच्या शिरोभागी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब असे. मोर्तब झाल्यावर त्या पत्रात नवा मजकूर घालण्यास वाव राहत नसे. पत्र कोणाचे आहे आणि ते जसेच्या तसे आहे काय, या दोन प्रश्नांचे उत्तर त्या दोन ठशांत सामावलेले होते. आज सातबारा संगणकावर आला आहे आणि ग्रामपंचायतीची देयकेही संगणकावरून अदा होतात. तेथे मुद्रा आणि मोर्तब ही दोन्ही कामे बोटाएवढे एक यूएसबी उपकरण करते. बोलीभाषेत त्यास 'डोंगल' म्हणतात. तांत्रिक परिभाषेत ते प्रमाणीकरण टोकन होय. परभणी-जिंतूर मार्गावरील झरी हे गाव डोळ्यांसमोर ठेवून या टोकनाची जुळणी व व्यवस्थापन कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लेखाची उद्दिष्टे :
१. टोकनाचे कार्यतत्त्व सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
२. टोकन संगणकावर कार्यान्वित करण्याचे टप्पे मांडणे.
३. टोकनधारकाचे कायदेशीर उत्तरदायित्व विशद करणे.

टोकनाचे कार्यतत्त्व :
डिजिटल स्वाक्षरी म्हणजे कागदावरील सहीचे छायाचित्र नव्हे. तिच्या मुळाशी गणिती नात्याने बांधलेल्या दोन किल्ल्या असतात. खासगी किल्ली केवळ धारकाकडे असते, तर सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्राद्वारे सर्वांना उपलब्ध असते. दस्तऐवजाचा गणिती सारांश काढून त्यावर खासगी किल्लीने प्रक्रिया केली की स्वाक्षरी तयार होते. सार्वजनिक किल्लीने ती कोणालाही पडताळता येते. सातबाऱ्यावरील क्षेत्राचा एक आकडा जरी नंतर बदलला, तरी सारांश जुळत नाही आणि पडताळणी फसते.

टोकनाचे वैशिष्ट्य असे की, खासगी किल्ली त्याच्या चिपमध्येच निर्माण होते आणि तेथून बाहेर काढता येत नाही. स्वाक्षरीची प्रक्रियाही चिपमध्येच घडते. त्यामुळे संगणकातील फाइल नकलून किल्ली चोरता येत नाही. तथापि, टोकन आणि पिन ही दोन्ही एकाच परक्या हाती गेली, तर हे सर्व संरक्षण व्यर्थ ठरते.

जुळणीचे टप्पे :
प्रथम परवानाप्राप्त प्रमाणन संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते. अशा संस्थांवर केंद्रीय प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांची देखरेख असते. १ जानेवारी २०२१ पासून द्वितीय श्रेणीची प्रमाणपत्रे देणे बंद झाले असून त्यांची जागा तृतीय श्रेणीने घेतली आहे. त्यानंतर टोकनाच्या निर्मात्याचे ड्रायव्हर सॉफ्टवेअर संगणकावर बसवावे. टोकन जोडल्यावर प्रमाणपत्रातील नाव व मुदत तपासून पाहावी आणि टोकनासोबत आलेला मूळ पिन तत्काळ बदलावा. हा टप्पा अनेकदा वगळला जातो. मूळ पिन मात्र त्या बनावटीच्या सर्वच टोकनांना समान असू शकतो.

यानंतर संबंधित शासकीय प्रणालीत त्या व्यक्तीच्या नावे प्रमाणपत्राची नोंदणी करावी. टोकन बरोबर असूनही स्वाक्षरी होत नसेल, तर बहुधा पुढील कारणे आढळतात : संगणकाची तारीख चुकलेली असणे, स्वाक्षरीचे साहाय्यक सॉफ्टवेअर सुरू नसणे, नूतनीकरणानंतर प्रणालीत जुनेच प्रमाणपत्र नोंदलेले राहणे. चुकीचा पिन ठरावीक वेळा दिल्यास टोकन कुलूपबंद होते. अशा वेळी घाईने टोकन फॉरमॅट करू नये. फॉरमॅट केल्यास आतील खासगी किल्ली कायमची नष्ट होते आणि नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

गावातील प्रत्यक्ष उपयोग :
मराठवाड्यात जमिनीच्या हक्काचा वाद निघाला की १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत मागे जावे लागते. नोंदीचे मोल शेतकरी जाणतो ते यामुळे. महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आणि उताऱ्यासाठी सज्जावर खेटे घालण्याची गरज कमी झाली. खरेदीखतानंतर तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) फेरफार घेतात, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ई-फेरफार प्रणालीत या साखळीची विश्वासार्हता अधिकाऱ्याच्या ओळखीवर उभी आहे.

दुसरे उदाहरण ग्रामपंचायतीचे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीत पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील देयके दोन डिजिटल स्वाक्षऱ्यांनी अदा होण्याची पद्धत आली. एक व्यक्ती देयक तयार करते, दुसरी त्यास मान्यता देते. ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच यांनी एकमेकांवर ठेवावयाचा हा अंकुश आहे. दोन्ही टोकने एकाच खणात आणि दोन्ही पिन एकाच वहीत लिहिलेले असतील, तर कागदोपत्री दोन दिसणाऱ्या स्वाक्षऱ्या वस्तुतः एकाच हाताच्या ठरतात. महिला सरपंचाचे टोकन घरातील पुरुषाने वापरणे हाही याच दोषाचा प्रकार होय. तेथे आरक्षणाने मिळालेला अधिकार पिनसोबत परत घेतला जातो.

कायदेशीर उत्तरदायित्व :
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ५ ने डिजिटल स्वाक्षरीस हस्ताक्षराइतकीच मान्यता दिली आहे. कलम ४२ नुसार खासगी किल्लीवरील नियंत्रण राखण्यासाठी वाजवी काळजी घेणे हे धारकाचे कर्तव्य आहे. ती असुरक्षित झाल्यास प्रमाणन संस्थेस विनाविलंब कळवावे लागते आणि कळवीपर्यंतचे दायित्व धारकावरच राहते. 'टोकन ऑपरेटरकडे होते' एवढे म्हणून धारक हात झटकू शकत नाही. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी लबाडीने वापरणाऱ्यास कलम ६६-क अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

व्यवस्थापनासाठी सूचना :
१. प्रमाणपत्र व्यक्तीचे असते, खुर्चीचे नव्हे. बदली, निवृत्ती किंवा सरपंचबदल होताच प्रणालीतील जुनी नोंद बंद करावी; टोकन 'चार्ज'मध्ये देऊ नये.
२. टोकन, क्रमांक, धारक व मुदत यांची नोंदवही ठेवावी. पिन तीत कदापि लिहू नये.
३. मुदत संपण्याच्या किमान एक महिना आधी नूतनीकरण सुरू करावे.
४. टोकन हरवल्यास प्रथम प्रमाणपत्र रद्द करवून घ्यावे, मग नव्यासाठी अर्ज करावा.
५. काम संपताच टोकन संगणकातून काढून धारकाने स्वतःजवळ ठेवावे.

निष्कर्ष :
टोकनातील गणित भक्कम आहे. कच्चा दुवा आहे तो माणसाच्या सवयीचा. स्वाक्षरी पडताळली जाते तेव्हा संगणक एवढेच सांगतो की, अमुक किल्ली वापरली गेली. ती कोणाच्या हाताने वापरली गेली, हे तो सांगू शकत नाही. ती खात्री धारकाच्या दक्षतेनेच मिळते. म्हणून झरीसारख्या गावात टोकनाचे प्रशिक्षण ऑपरेटरपुरते मर्यादित न राहता सरपंच, अधिकारी आणि जागरूक ग्रामस्थ यांच्यापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. ज्याच्या नावाचा शिक्का, त्याच्याच हाती तो असावा, हा जुना दंडक नव्या यंत्रालाही तितकाच लागू आहे.