गळ टाकणाऱ्याचा हात

गेल्या आश्विनांत एके शनिवारीं मी नेहमींप्रमाणें खाडीच्या धक्क्यावर गळ टाकावयास गेलों. मासे चांगले लागत होते, म्हणून सूर्य बुडेपर्यंत हात थांबला नाहीं. सोमवारीं वर्गांत फळ्यावर समीकरण लिहूं लागलों, तों उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगास अशी कळ आली कीं खडू हातांतून गळून पडला. मुलें हंसलीं. किनाऱ्यावरच्या वाडींतला एक मुलगा मात्र हंसला नाहीं. तास संपल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, आमच्या बाबांचो हात पण असोच दुखता."

मला गळ न टाकतांही जेवण मिळतें. त्याच्या बापाचें जाळें थांबलें तर चूल थांबते. म्हणून विद्यार्थ्यांनो, आणि हें वाचणाऱ्या पालकांनो, या दुखण्याविषयीं पुढें जें समजलें तें येथें लिहितों.

कोपराच्या बाहेरच्या बाजूस हाडाचा लहानसा उंचवटा बोटास लागतो. मनगट व बोटें मागें उचलणारे स्नायु तेथें एकत्र येऊन एका चिवट दोरीनें हाडास जखडलेले असतात. या दोरीस कंडरा म्हणतात. मूठ आवळितांना बोटें मिटतात हें आपण पाहतों. परंतु त्याच वेळीं मनगट आंत मुडपूं नये म्हणून मागचे स्नायूही ताणून धरावे लागतात, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. डावा हात उजव्या कोपराखालीं ठेवून उजवी मूठ घट्ट आवळून पाहावी, म्हणजे खात्री पटेल. तेव्हां जो तासभर काठी आवळून धरितो, त्याची कंडरा तासभर ताणलेली असते; तिच्यावर पुन्हां प्रत्येक फेंकीचा झटका बसतो तो निराळाच.

हें दुखणें नवें नव्हे. 1873 सालीं रुंगे नांवाच्या जर्मन वैद्यानें फार लिहिणाऱ्यांच्या हातांत तें वर्णिलें. पुढें इंग्लंडांत त्यास टेनिसचें नांव चिकटलें. पण ज्यांना तें होतें त्यांपैकीं बहुतेकांनीं टेनिसची बॅट कधीं हातांतही धरिलेली नसते. सुतार, स्वयंपाकी, जाळें ओढणारे, आणि चाळिशी उलटलेले आमच्यासारखे हौशी, हेच त्याचे खरे धनी.

पूर्वीं ही कंडरेची सूज समजत. परंतु 1979 सालीं नर्शल व पेट्रोन या अमेरिकन शल्यवैद्यांनीं जुन्या दुखण्यांतील कंडरा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून दाखविलें, कीं तींत सुजेच्या पेशी फारशा नसतात. तिचे तंतूच विसकटून दुबळे झालेले असतात. सूज उतरविणारें औषध कोपरांत टोचून घेतल्यास आरंभीं फार बरें वाटतें. पण 2006 सालीं ऑस्ट्रेलियांत झालेल्या एका परीक्षणांत असें दिसलें, कीं सहा आठवड्यांनीं पुढें असलेले हे टोचलेले रोगी वर्षअखेर कांहींच उपाय न केलेल्यांच्याही मागें पडले. खरें म्हणजे वर्षभरांत बहुतेकांचें दुखणें आपोआपच ओसरतें. पण वर्षभर थांबणार कोण?

मीं प्रथम हात गळ्यांत बांधून तीन आठवडे अगदीं स्वस्थ ठेविला. कळ गेली, पण पुन्हां गळ टाकतांच दुप्पट जोरानें परत आली. डॉक्टरांनीं समजाविलें, तेव्हां माझी चूक कळली. कंडरेस दोरी म्हणणें सोपें, परंतु तो दाखला अर्धाच खरा आहे. दोरी वापरानें झिजते. कंडरा जिवंत आहे, ती बेताच्या भारानें बळकट होते आणि आयती ठेविल्यास दुबळी होते. पावसाळ्यांत होड्या वर ओढलेल्या असतात आणि हात विसावतात. मग समुद्र खुला होतांच पहिल्याच आठवड्यांत पुरा भार पडतो. त्या मुलाच्या बापाचा हात दरवर्षीं त्याच सुमारास कां दुखे, याचा उलगडा येथें झाला.

उपाय साधा पण सावकाश आहे. अर्ध्या लिटरची पाण्यानें भरलेली बाटली घ्यावी. हात मेजावर टेकून, तळवा खालीं व मनगट कडेच्या बाहेर ठेवून ती धरावी. दुसऱ्या हातानें मनगट वर उचलावें, आणि दुखऱ्या हातानें पांच अंक मोजीत हळूहळू खालीं सोडावें. असें पंधरा वेळां. थोडें थांबून आणखी दोनदां. थोडें दुखलें तर भिऊं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अधिक दुखलें तर भार कमी करावा. मला तीन महिने लागले.

त्याबरोबर गळ टाकण्याची रीतही बदलावी लागली. तो मुलगा बापास घेऊन धक्क्यावर आला होता. माझी फेंक पाहून बाप म्हणाला, "सर, हातान नको, कमरेन फेका." आणि त्यानें पाग फेंकून दाखविला. सारें अंग कमरेंतून वळलें. मनगटास जणूं कांहीं कामच नव्हतें. तेव्हांपासून मी काठी दोन्ही हातांनीं धरितों आणि अंगासह वळतों. मूठ बारीक असल्यास फार आवळावी लागते, म्हणून तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे. मासा लागेपर्यंत काठी दगडाला टेकवून ठेवितों. लागल्यावर कोपर बरगडीशीं धरितों, आणि माशांची बादली तळवा वर करून उचलितों. कोपराखालीं दोन बोटांवर बांधावयाचा पट्टा मिळतो. तो काम करितांना कांहींजणांस आराम देतो, पण त्यानें कंडरा बळकट होत नाहीं.

हाताचें प्रत्येक दुखणें मात्र हेंच असें समजूं नये. करंगळी बधिर होणें, झटक्यासरशी कांहीं तुटल्यासारखें होऊन दंडावर गोळा येणें, ताप येऊन सांधा लाल होणें, यांपैकीं कांहीं घडल्यास डॉक्टरांस दाखवावें. आणि हात दुखत असतां छातीवर दाब येऊन घाम फुटला, तर मालीश करीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

त्या मुलाचा बाप अद्याप पुरता बरा नाहीं. विश्रांति त्यास परवडत नाहीं. पण रापणीचा दोर ओढतांना तो आतां बाजू बदलतो, आणि संध्याकाळीं जाळ्याचीं शिशाचीं वजनें पिशवींत घालून वरचा व्यायाम करितो. मुलगा शेजारीं बसून पांचपर्यंत मोजतो. तो फार भरभर मोजतो, अशी बापाची माझ्याकडे तक्रार आहे.