काचेवरील रेघ आणि रबराची धार

गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या घरच्या खिडक्या पुसून झाल्यावर पाहतों तों प्रत्येक काचेवर वरपासून खालपर्यंत पाण्याची एक बारीक रेघ! काम करणाऱ्या बाईंना मीं दोन शब्द सुनावले. त्यांनीं उत्तर न देतां तीच काच माझ्यादेखत पुन्हां पुसली. रेघ पुन्हां तशीच उमटली. तेव्हां मीं चष्मा लावून वायपर निरखला. रबराच्या धारेला मोहरीएवढा खांडा पडला होता. बोरूचा कत बिघडलेला असतांना मुलाच्या अक्षराला नांवें ठेवावीं, तसा माझा न्याय झाला होता. दोष हाताचा कीं हत्याराचा, हें काचेवरील खूणच सांगते. ती कशी वाचावी, हें आज पाहूं.

आजच्या हलक्या, एका पट्टीच्या वायपरचें पेटंट इटलीहून अमेरिकेंत गेलेल्या एत्तोरे स्टेकोने यांना १९३६ सालीं मिळालें. धातूच्या खोबणींत बसविलेली रबराची पट्टी, एवढीच त्याची रचना. धार काचेला जेथें टेकते तेथून पाणी लोटलें जातें. जेथें टेकत नाहीं तेथें तें मागें राहतें.

म्हणून रेघ नेहमीं धारेच्या एकाच जागेमागें उमटत असेल, तर तेथें कचरा चिकटला आहे किंवा खांडा पडला आहे. प्रथम ओल्या फडक्यानें धार पुसावी. तेवढ्यानें भागलें नाहीं तर पट्टी काढून टोकें अदलाबदल करून बसवावी. म्हणजे कडेची दुसरी, न झिजलेली धार काचेकडे येते. वायपर थरथरत किंवा कुरकुरत जात असेल, तर बहुधा साबण कमी पडला आहे किंवा उन्हानें काच वाळली आहे. साबणाच्या पाण्यावरच रबर घसरतें. यासाठीं काचा सकाळीं किंवा सायंकाळीं पुसाव्या. एकाच बाजूस पाणी राहिलें तर हाताचा दाब सारखा आहे का, पट्टी सैल झाली आहे का, हें पाहावें. सर्व काचभर ओलसर पापुद्रा राहत असेल तर धार झिजून गोल झाली असें समजावें. मात्र वाळल्यावर पांढरे ठिपके दिसले तर तो दोष रबराचा नव्हे. तो विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यांतील क्षारांचा होय.

ऊन, उष्णता आणि तेल यांनीं रबर लवकर खराब होतें. पट्टी वाकवून पाहावी; बारीक भेगा दिसल्या तर ती बदलावी. पट्टी सुटी मिळत असल्यास सबंध वायपर टाकण्याचें कारण नाहीं. नवी पट्टी खोबणीच्या दोन्ही टोकांबाहेर सुमारें ३ मिलिमीटर राहील अशी कापावी. नाहींतर धातूची कड काचेला लागते. काम झाल्यावर वायपर पुसून सावलींत टांगावा, धारेवर उभा ठेवूं नये. आणि वरच्या मजल्यावरील काच बाहेरून पुसण्यासाठीं कोणासहि खिडकींतून वाकावयास लावूं नये. काच थोडी मळकी राहिली तरी चालेल.

आमच्याकडे पट्टी बदलली आणि रेघ गेली. बाईंपाशीं मीं चूक कबूल केली. ती मात्र रेघेइतकी सहज पुसली जात नाहीं.