पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे नियम : प्रवेश आणि प्रगती

मंडळीच्या सेवेत आठ-दहा वर्षे घालविल्यावर पुढे शिकावे, एखादी पदव्युत्तर पदवी मिळवावी, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. अशा बंधुभगिनींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : प्रवेश मिळेल काय? हा प्रश्न योग्यच आहे, परंतु तो अर्धा आहे. कोणत्याही विद्यापीठाची नियमावली उघडून पाहिली तर प्रवेशाचा भाग थोडक्यात आटोपलेला दिसतो. त्यानंतरची पाने प्रवेश घेतलेल्याने पदवीपर्यंत कसे पोहोचावयाचे, किती काळात पोहोचावयाचे आणि वाटेत अडखळल्यास काय करावयाचे याविषयी असतात. पहिला भाग सर्वजण वाचतात. दुसरा भाग सहसा कोणी वाचत नाही. आणि मंडळीचा भार सांभाळून शिकणारा मनुष्य अडतो तो बहुधा या दुसऱ्या भागातच. म्हणून प्रस्तुत लेखात दोहोंचा विचार करून दुसऱ्यावर आम्ही अधिक भर देणार आहोत.

हे दोन भाग आधुनिक कारकुनीने निर्माण केले असे मात्र कोणी समजू नये. ‘एम. ए.’ या नावातील पहिले अक्षर लॅटिन ‘मॅजिस्टर’ या शब्दाचे आहे. मॅजिस्टर म्हणजे गुरू. मध्ययुगीन युरोपात ही पदवी शिकविण्याच्या परवान्याशी जोडलेली होती आणि तो परवाना ख्रिस्तमंडळीच्या अधिकाऱ्यांकडून मिळत असे. ११७९ साली भरलेल्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने असे ठरविले की, प्रत्येक कॅथीड्रलने तेथील धर्मसेवकांस व गरीब विद्यार्थ्यांस विनामूल्य शिकविणारा एक गुरू नेमून त्याच्या निर्वाहाची सोय करावी. परवाना देताना कोणी पैसे घेऊ नयेत, आणि पात्र मनुष्यास तो नाकारू नये. प्रवेशाच्या नियमांमागील न्यायबुद्धी याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच मांडली गेली असेल.

पुढे १२१५ मध्ये पोपचे प्रतिनिधी कार्डिनल रॉबर्ट द कूर्सों यांनी पॅरिसच्या विद्यापीठासाठी नियम घालून दिले. कला शाखेत व्याख्यान देणाऱ्याचे वय एकवीस वर्षांहून कमी नसावे, त्याने त्यापूर्वी किमान सहा वर्षे व्याख्याने ऐकलेली असावीत, आणि योग्य कारण नसेल तर त्याने पुढे किमान दोन वर्षे शिकविण्याचे वचन द्यावे. ईश्वरविज्ञानाच्या बाबतीत अट याहून कडक होती : वय पस्तीस वर्षे, अभ्यास किमान आठ वर्षांचा, आणि जाहीर व्याख्यान देण्यापूर्वी पाच वर्षे ईश्वरविज्ञानाच्या वर्गात बसलेले असणे आवश्यक. कोणते ग्रंथ शिकवावेत आणि कोणते शिकवू नयेत हेही त्यात आहे. ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र चालेल, पण त्याचे सृष्टिविषयक ग्रंथ व तत्त्वमीमांसा चालणार नाही. गुरूंनी टोकदार बूट घालू नयेत इतक्या बारीक गोष्टीही सुटलेल्या नाहीत. एखादा विद्यार्थी मरण पावला तर गुरुवर्गापैकी निम्म्यांनी त्याच्या अंत्यविधीस जावे, अशीही आज्ञा त्यात आहे. आजच्या कोणत्याही नियमावलीत हे कलम सापडावयाचे नाही.

याच नियमांत एक लहानसे वाक्य असे आहे की, ज्याचा कोणी निश्चित गुरू नाही त्याने पॅरिसमध्ये विद्यार्थी म्हणून राहू नये. आमच्या मते संपूर्ण पदव्युत्तर शिक्षणाचे मर्म येथे आहे. नाव नोंदविले, शुल्क भरले, वर्षे मोजली, एवढ्याने भागत नाही. विद्यार्थी कोणाच्या तरी नजरेखाली असला पाहिजे. आजच्या नियमांतील उपस्थिती, अंतर्गत मूल्यमापन, मार्गदर्शक ही कलमे पाहिली म्हणजे तीच जुनी अट नव्या पोशाखात पुढे आलेली दिसते.

येथे एक गंमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या मिशनरी साहेबांच्या नावापुढे ‘एम. ए. (ऑक्सन)’ वा ‘(कँटॅब)’ अशी अक्षरे वाचून आपल्या वाडवडिलांनी त्यांस दुप्पट मान दिला असेल. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे बी. ए. झालेल्यास ठरावीक काळ लोटल्यावर कोणतीही नवी परीक्षा न देता एम. ए. ही पदवी मिळते. ऑक्सफर्डमध्ये हा काळ विद्यापीठात नाव दाखल झाल्यापासून एकवीस सत्रांचा आहे. साहेब विद्वान नव्हते असे आम्हांस म्हणावयाचे नाही. केवळ अक्षरे पाहून पदवीमागील अभ्यास कळत नाही, त्यासाठी त्या विद्यापीठाचा नियम पाहावा लागतो, एवढेच सुचवावयाचे आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात पदवी देण्याचा अधिकार कोणास आहे हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या बाविसाव्या कलमात सांगितले आहे : केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था, आणि संसदेने कायद्याने खास अधिकार दिलेल्या संस्था. प्रवेशासाठी तुमची आधीची पदवी तपासताना विद्यापीठाचा कारकून प्रथम हेच पाहतो. आपल्यापैकी अनेकांजवळ पवित्र शास्त्र विद्यालयाची प्रमाणपत्रे असतात. आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनसारख्या मंडळाची मान्यता त्या विद्यालयास असू शकते आणि ईश्वरविज्ञानाच्या क्षेत्रात तिचे मूल्य निश्चितच आहे. परंतु ती मान्यता आणि कायद्याने मिळालेला पदवीदानाचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी होत.

सेरामपूरची गोष्ट निराळी. कॅरी, मार्शमन व वॉर्ड यांनी १८१८ मध्ये स्थापिलेल्या त्या महाविद्यालयास डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने १८२७ मध्ये सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकार दिला. १८४५ मध्ये सेरामपूर इंग्रजांच्या हाती गेले तरी तो अधिकार राहिला, १९१५ मध्ये पहिल्या बी. डी. पदव्या दिल्या गेल्या, आणि १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने सेरामपूर कॉलेज कायदा केला. ज्यास सेरामपूरच्या एम. टीएच. कडे जावयाचे आहे त्याची वाट बी. डी. वरून जाते, आणि जुना करार निवडल्यास हिब्रू व नवा करार निवडल्यास ग्रीक यांची खरी तयारी लागते. परंतु ज्यास बी. डी. च्या आधारे सर्वसाधारण विद्यापीठात तत्त्वज्ञान, समाजशास्त्र वा इतिहास घेऊन एम. ए. करावयाचे आहे, त्याने ते विद्यापीठ बी. डी. ला समकक्ष मानते की नाही याचे लेखी उत्तर आधी मागवावे. ‘अमक्याला तेथे प्रवेश मिळाला होता’ हा पुरावा नव्हे. समकक्षतेचा निर्णय प्रत्येक विद्यापीठ आपापल्या नियमाने करते.

मराठी मंडळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण आपण अनेक राज्यांत विखुरलेले आहोत. गोव्यातील महाविद्यालये एके काळी मुंबई विद्यापीठास जोडलेली होती. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ झाले आणि व्यवस्था बदलली. बेळगावचा विद्यार्थी आज राणी चन्नम्मा विद्यापीठातून पदवी घेतो, आणि मराठीत पुढे शिकावयाचे म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे पाहतो. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील तरुणांचेही तसेच. अशा वेळी आधीच्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाची पात्रता-मंजुरी हे दोन कागद लागतात. बऱ्याच ठिकाणी मंजुरी येईपर्यंत प्रवेश तात्पुरता असतो, आणि कागद मुदतीत न आल्यास वर्गात बसूनही परीक्षेचा अर्ज अडतो. राखीव जागांसंबंधीही सावध असावे. इतर मागासवर्गाच्या याद्या राज्यवार वेगळ्या आहेत. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा महाराष्ट्राच्या यादीत समावेश आहे, म्हणून तेथील दाखल्यावर दुसऱ्या राज्यात राखीव जागा मिळेल असे गृहीत धरू नये.

अलीकडे प्रवेशाच्या नियमांत मोठे फेरबदल झाले. पूर्वीची पायरी सरळ होती : तीन वर्षांची पदवी, नंतर दोन वर्षांची एम. ए. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने चार वर्षांची पदवी आणली आणि तीनंतर एका वर्षाच्या एम. ए. चा मार्ग खुला केला. तीन वर्षांच्या पदवीधरास दोन वर्षेच लागतात. एम. फिल. बंद करण्याचे त्याच धोरणाने ठरविले. अनुदान आयोगाने जून २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला त्यानुसार, पदवीचा विषय कोणताही असला तरी इच्छित विषयाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास त्या विषयात प्रवेश देता येतो. रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळविलेल्या आणि पुढे पाळक झालेल्या मनुष्यास तत्त्वज्ञान शिकता यावे, हे आम्हांस स्वागतार्ह वाटते. तथापि आराखडा आणि आपल्या विद्यापीठाचा लागू नियम यांत अंतर असू शकते. प्रवेश द्यावयाचा तो विद्यापीठाने, म्हणून त्याचेच चालू वर्षाचे माहितीपत्रक प्रमाण मानावे.

प्रवेश मिळाला. आता प्रगती.

आज बहुतेक विद्यापीठांत अभ्यास सत्रांत विभागलेला असून त्याचे माप श्रेयांकांत केले जाते. आठवड्यास एक तास याप्रमाणे पंधरा आठवडे व्याख्यान ऐकले म्हणजे एक श्रेयांक, असा साधारण हिशेब आहे. एका सत्रात वीस-बावीस श्रेयांक घ्यावयाचे असतात. म्हणजे आठवड्यास वीसच्या आसपास तास वर्गात, आणि वाचन, निबंध, चाचण्या त्याहून वेगळ्या. तीन गावांच्या उपासना, घरभेटी आणि दफनविधी ज्याच्याकडे आहेत त्याने हा आकडा कागदावर मांडून पाहावा. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला आपण इतरांस नेहमी देतो.

उपस्थितीची अट सामान्यतः शेकडा पंचाहत्तर असते. आजारपणासाठी काही विद्यापीठे थोडी सूट देतात. मंडळीच्या कामासाठी मात्र ती मिळत नाही, आणि मिळावी अशी अपेक्षाही आम्हांस रास्त वाटत नाही. त्यात आपल्या दिनदर्शिकेचा पेच आहे. सत्रपरीक्षा बहुधा नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मे या महिन्यांत येतात, आणि याच सुमारास आगमनकाळ व नाताळ, पवित्र सप्ताह व पुनरुत्थानदिन असतात. ज्या आठवड्यांत मंडळीस पाळक सर्वांत अधिक हवा असतो त्याच आठवड्यांत विद्यापीठासही विद्यार्थी हवा असतो.

एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यास सर्व संपले असे नाही. आपल्याकडे ज्यास ‘ए. टी. के. टी.’ म्हणतात त्या सवलतीने राहिलेला विषय मागे ठेवून पुढच्या सत्रात बसता येते. पण ही सवलत मोजून दिलेली असते : किती विषय मागे ठेवता येतील, कोणत्या सत्राच्या आत ते सोडविले पाहिजेत, हे नियमात लिहिलेले असते. शिवाय पदवी पूर्ण करण्यासही कमाल मर्यादा असते. नेमून दिलेल्या काळाहून दोन वर्षे अधिक, असे धोरण अनेक ठिकाणी आहे. दोन विषय मागे ठेवून बदलीच्या गावी गेलेला पाळक ‘पुढच्या वर्षी बसू’ म्हणत राहतो, आणि मर्यादा उलटल्यावर उत्तीर्ण विषयांची गुणपत्रकेही उपयोगी पडत नाहीत. मंडळीने वर्गणी करून भरलेले शुल्क, घरच्यांनी काढलेली अडचण, सर्व तेथेच थांबते. हे बुद्धी कमी पडल्यामुळे होत नाही. दुसऱ्या भागातील एक कलम वेळेवर न वाचल्यामुळे होते.

ज्यांस मध्येच थांबणे भाग पडेल त्यांच्यासाठी नव्या नियमांत काही आधार आहेत. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास पदव्युत्तर पदविका देण्याची तरतूद २०२४ च्या आराखड्यात आहे. मिळविलेले श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहतात. त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षांची आहे. २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यासही आयोगाने अनुमती दिली, पण अशक्त घोड्यावर दुसरे ओझे लादण्याचा सल्ला आम्ही कोणास देणार नाही.

सेवा न सोडता शिकावयाचे असेल तर मुक्त विद्यापीठाचा मार्ग अधिक प्रामाणिक ठरतो. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची केंद्रे देशभर असून तेथे तत्त्वज्ञानासह अनेक विषयांत एम. ए. करता येते. दररोजची उपस्थिती नाही, मात्र गृहपाठ मुदतीत द्यावा लागतो. तो न दिल्यास परीक्षेचे गुण असूनही विषय अपुरा राहतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. मराठीतून शिकणाऱ्यास ते जवळचे वाटते, पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे त्या राज्यापुरतीच असल्याने बेळगाव वा इंदूर येथील बंधूंनी चौकशीवाचून अर्ज करू नये.

नियमित अभ्यासक्रमासच जावयाचे असेल तर पाळकाची रजा तोंडी ठेवू नये. पंचसमितीने वा धर्मप्रांताने ठराव करावा; त्यात चारही सत्रांच्या तारखा, परीक्षेच्या आठवड्यांत उपासना कोण चालविणार त्याचे नाव, आणि चौथ्या सत्राचा निकाल लागेपर्यंत बदली होणार नाही हे वाक्य असावे. ठरावाची एक प्रत विद्यार्थ्याजवळ राहू द्यावी. दोन वर्षांत समितीचे सभासद बदलतात.