नदीचा खर्च वीजबिलात : टीव्हीएच्या वाटचालीचा मागोवा

१८ मे १९३३ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीच्या, म्हणजे टीव्हीएच्या कायद्यावर सही केली, तेव्हा अमेरिकेतलं ते खोरं पार खंगलेलं होतं. वर्षानुवर्षं कापूस आणि मका घेऊन जमिनीचा कस गेला होता, उतारांवर घळी पडल्या होत्या, हिवताप घरोघरी होता आणि चट्टनूगा शहराला पुराची धास्ती कायमची. नदी, जमीन, जंगल आणि वीज यांचा कारभार एकाच सरकारी संस्थेकडे हवा, हा सेनेटर जॉर्ज नॉरिस यांचा आग्रह होता. त्यांच्याच नावाचं धरण १९३६ मध्ये पुरं झालं. त्याच्या पाण्याखाली लॉयस्टन हे गाव गेलं. ज्यांची घरं बुडाली, त्यांनी या योजनेची पहिली किंमत मोजली.

सुरुवातीला सारा पैसा सरकारी तिजोरीतून येई. धरणांच्या जोडीला उजाड उतारांवर लाखो रोपं लागली, शेतकऱ्यांच्या रानात खतांची प्रात्यक्षिकं झाली. १९५९ मध्ये कायदा बदलला. वीजविभागाने कर्जरोखे काढावेत, वीज विकून आपला खर्च भागवावा, असं ठरलं. पूरनियंत्रण आणि जमिनीची देखभाल मात्र अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या वार्षिक तरतुदीवरच राहिली. नदी एकच, पण तिच्या थैल्या दोन झाल्या.

धरणांनी नदीचं काय केलं, हेही पुढे उघड झालं. उन्हाळ्यात खोल जलाशयाच्या तळाचं पाणी थंड राहतं, पण त्यातला प्राणवायू संपत जातो. टर्बाइनमधून तेच पाणी खाली सुटलं की मासे गुदमरतात. वीजनिर्मिती थांबली की पात्र कोरडं पडू लागतं. १९९१ पासून टीव्हीएने यावर पद्धतशीर काम केलं. काही जलाशयांच्या तळाशी सच्छिद्र नळ्या अंथरून त्यांतून प्राणवायू सोडला. नॉरिस धरणाखाली छोटा बंधारा आहे, त्यामुळे टर्बाइन बंद असतानाही क्लिंच नदी वाहती राहते. आज त्या पट्ट्यात ट्राउट मासे धरायला लांबून लोक येतात.

१९९९ हे तिजोरीतून तरतूद मिळण्याचं शेवटचं वर्ष. तेव्हापासून पूरनियंत्रण, सुमारे २ लाख ९३ हजार एकर सार्वजनिक जमीन आणि ११ हजार मैलांचा किनारा यांची देखभाल वीजविक्रीच्या उत्पन्नातूनच होते. आज टीव्हीएची बहुतांश वीज अणुऊर्जा आणि गॅसची. मग ग्राहकाने नदीसाठी पैसे का भरावेत? उत्तर नदीनेच दिलं. २००७ च्या ऑगस्टमध्ये नदीचं पाणी इतकं तापलं की टीव्हीएच्या ब्राउन्स फेरी केंद्रातली एक अणुभट्टी बंद ठेवावी लागली. अणुभट्टी थंड ठेवायलाही नदीच लागते. तिची निगा हा वीज तयार करण्याचाच खर्च आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २२ डिसेंबर २००८ रोजी टीव्हीएच्याच किंग्स्टन कोळसा केंद्राचा राखेचा बांध फुटला आणि राखेचा चिखल एमरी नदीत आणि आसपासच्या घरांपर्यंत गेला. सफाईला एक अब्ज डॉलरहून जास्त लागले. नदी सांभाळणारी आणि नदी बिघडवणारी संस्था एकच असते, तेव्हा तिच्यावर बाहेरची करडी नजर लागतेच.

टीव्हीएची ही व्यवस्था आपल्याला परकी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमसदस्य असताना दामोदर योजनेची आखणी टीव्हीएचा नमुना समोर ठेवूनच झाली आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभं राहिलं. आपल्याकडच्या धरणांबद्दलही एक साधा प्रश्न प्रत्येक वीजग्राहकाने विचारायला हवा : माझ्या बिलातलं किती नदीच्या आणि तिच्या पाणलोटाच्या वाट्याला जातं? तो आकडा हिशेबात वेगळा आणि ठळक दिसला पाहिजे. दिसणाऱ्या तरतुदीला कात्री लावताना हिशेबनीसाला दहादा विचार करावा लागतो.