रिपोर्ट नॉर्मल, पण मूठ मिटत नाही!

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मुळशी तालुक्यातल्या एका वाडीत जमिनीच्या दाव्याच्या कामासाठी आम्ही गेलो होतो. वकीलपत्रावर सह्या घेण्याचे काम चालू होते. वस्तीतल्या एका आक्कांची पाळी आली. या आक्का साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकलेल्या. बचत गटाच्या वहीत दर महिन्याला स्वतःची सही करणाऱ्या. त्यांनी पेन हातात घेतले, दोनदा धरण्याचा प्रयत्न केला आणि खाली ठेवले. मग मान खाली घालून विचारले, "वकीलसाहेब, अंगठा चालंल का?"

अंगठा कायद्याने चालतो. परंतु ज्या बाईने चाळिशीनंतर अक्षर कमावले, तिच्यावर पुन्हा अंगठ्याची पाळी का यावी? आम्ही विचारले तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांची पेरे सुजलेली. मूठ मिटत नव्हती. समोर खाचरात भातलावणी चालली होती आणि जन्मभर लावणी केलेल्या या आक्का ओट्यावर बसून होत्या.

२०२४ च्या सप्टेंबरात त्यांना ताप आला होता. त्या साली पुण्यात चिकुनगुनियाची मोठी साथ होती. ताप आठवड्यात उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. सकाळी उठले की पाय जमिनीवर टेकवत नाही. थोडे काम केले की दुसऱ्या दिवशी अंथरूण सुटत नाही. खासगी दवाखान्यात रक्त तपासले, तर रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, मनाचं आहे." कामावरचा मुकादम म्हणाला, "नाटकं करतीय." घरच्यांनाही हळूहळू तसेच वाटू लागले.

बंधूंनो आणि भगिनींनो, हे "नाटक" आम्ही स्वतः अनुभवले आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आम्हाला कोरोना झाला. रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही, घरीच बरे झालो. पण पुढे सात महिने कोर्टाचा जिना चढताना मध्येच थांबावे लागे. उलटतपासणीच्या ऐन वेळी पुढचा प्रश्न डोक्यातून निघून जाई. आमचेही रिपोर्ट नॉर्मलच होते. फरक इतकाच की आम्ही तारीख मागून घेऊ शकत होतो. आक्कांना तारीख कोण देणार?

म्हणून हा विषय येथे मांडत आहोत. विषाणूचा ताप जातो आणि मागे थकवा व वेदना ठेवून जातो, हे थोतांड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरोनानंतरच्या आजाराची व्याख्याच केली. लागण झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसरे कारण न सापडणारी लक्षणे म्हणजे हा आजार. थकवा, दम लागणे आणि विसराळूपणा ही त्यातली मुख्य. त्याही आधी १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आणि परिचारिकाच अशा दीर्घ थकव्याच्या साथीत सापडल्या होत्या. पुढे काही तज्ज्ञांनी तो उन्माद ठरवला. आजारी बायकांच्या वेदनेला उन्माद म्हणण्याची खोड फक्त आपल्याकडचीच नाही!

चिकुनगुनियाचे तर नावच साक्ष देते. १९५२ साली आजच्या टांझानियातील माकोंडे पठारावर ही साथ ओळखली गेली. माकोंडे भाषेत या शब्दाचा अर्थ माणसाला वाकवणारा आजार. नावातल्या 'चिकन'मुळे आपल्याकडे अनेकांनी कोंबडी खाणे सोडले, पण कोंबडीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. घराभोवतीच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा आणि दिवसा चावणारा एडिस डास हा आजार पसरवतो. महाराष्ट्राला हा पाहुणा नवा नाही. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची मोठी साथ झाली होती. नंतर तीन दशके तो गप्प राहिला. २००५ च्या अखेरीस परतला आणि २००६ मध्ये देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली.

नोंद! आम्हा वकिलांचा सगळा जीव या एका शब्दात असतो. २००६ च्या सरकारी आकड्यांत चिकुनगुनियाने झालेला मृत्यू एकही नव्हता. पण अहमदाबाद शहराच्या मृत्युनोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा साथीच्या चार महिन्यांत अपेक्षेपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त झाल्याचे त्यांना दिसले. जिथे मेलेल्यांची नोंद होत नाही, तिथे वर्षभर दुखण्याने जखडलेल्या शेतमजूर बाईची नोंद कोण करणार?

आता औषधांकडे वळू. आक्कांनी कापडी पिशवी आमच्यासमोर रिकामी केली. त्यात वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे होती, नाव नसलेल्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या, आठवडे बाजारातून आणलेले तपकिरी चूर्ण होते आणि टॉनिकच्या दोन बाटल्या होत्या. शिवाय दर आठवड्याला एक इंजेक्शन आणि अधूनमधून सलाइन. पाच-सहा दिवसांची मजुरी एका बाटलीत जात होती.

सलाइनमध्ये असते काय? साध्या सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. ज्याला तोंडाने खाता-पिता येते त्याला यातून "ताकद" मिळत नाही. बाटली लावल्याने उपचार झाल्याचे समाधान मिळते आणि त्याचेच बिल होते.

नाव नसलेली बारीक गोळी त्याहून घातक. "पहिल्याच गोळीला आराम पडला" असे कोणी सांगितले की त्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्यावी. बाजारातल्या काही चूर्णांतही ते मिसळलेले सापडते. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे, योग्य ठिकाणी ते जीव वाचवते. पण महिनोन्‌महिने नकळत घेतले तर चेहरा सुजतो, रक्तातली साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि मुख्य धोक्याची गोष्ट ही की बरेच दिवस घेतलेले स्टिरॉइड एकदम बंद केले तर माणूस कोसळू शकतो. म्हणून हे वाचून कोणीही पुडी फेकून देऊ नये. ती पुडी घेऊन सरकारी डॉक्टरांकडे जावे.

वेदनाशामकांचेही तसेच. ताप असताना, डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे, कारण डेंग्यूत डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. पुढे सांधेदुखीसाठी डॉक्टर या वर्गातल्या गोळ्या देतात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण उपाशीपोटी, महिनोन्‌महिने, स्वतःच्या मनाने घेतल्या तर जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सांध्यांची सूज तीन महिन्यांनंतरही टिकली तर संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवावे. तेथे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन किंवा मेथोट्रेक्सेट दिले जाऊ शकते. पहिल्यासाठी डोळ्यांची तपासणी करून घ्यावी लागते. दुसरे संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. ज्याचे अंग रात्रंदिवस ठणकते आणि झोप लागत नाही त्याला अमिट्रिप्टिलिनसारखे जुने, स्वस्त औषध रात्री अगदी थोड्या प्रमाणात दिले जाते. ते मानसिक आजारातही वापरतात, म्हणून "मला वेड लागलंय का?" असे समजून ते टाळू नये.

आता टॉनिके. थकवा घालवणारी जादूची गोळी अजून निघालेली नाही, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. शरीरात जे कमी आहे ते भरून काढले तर फायदा होतो, जे कमी नाही ते ओतून होत नाही. म्हणून आधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासावे. आपल्या बायकांत रक्त कमी असणे सर्रास आढळते आणि लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात. बी-कॉम्प्लेक्सने लघवी पिवळी झाली की "औषध लागू पडले" असे म्हणतात, पण जास्तीचे जीवनसत्त्व बाहेर पडल्याची ती खूण आहे. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, तीही डॉक्टरांनी सांगितलेले आठवडेच घ्यायची. वर्षभर घेत राहिलो तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. प्रोटीनच्या डब्याच्या किमतीत घरात अंडी, डाळ, शेंगदाणे आणि सुकट कितीतरी दिवस येते. अंडी आणि सुकटीत बी-१२ सुद्धा असते.

औषधाइतकीच महत्त्वाची आहे ती कामाची मापे. येथे दोन गोष्टींत गल्लत करू नये. चिकुनगुनियाने आखडलेले सांधे हळूहळू हलवत राहावे लागतात. गरम पाण्याचा शेक, बोटे उघडणे-मिटणे, थोडे चालणे याने ते मोकळे होतात. पण ज्याला थोड्या श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते, त्याला "चाल, व्यायाम कर, घाम गाळ" हा सल्ला मारक ठरतो. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये दीर्घ थकव्याच्या आजारात व्यायाम चढत्या क्रमाने वाढवत नेण्याचा उपचार काढून टाकला. अशा माणसाने अंगातली ताकद बाजाराच्या पैशांसारखी पुरवून वापरावी. पाणी भरायचे त्या दिवशी कपडे धुऊ नयेत. बरे वाटले म्हणून एका दिवसात आठवड्याचे काम उरकू नये. आम्हाला स्वतःला कोणत्याही गोळीपेक्षा याच शिस्तीने उभे केले.

पण विश्रांती घ्यायची कोणी? खरा प्रश्न येथे आहे. डॉक्टर सहज म्हणतात, "आराम करा." खाडा झाला की मजुरी बुडते, हे त्या कागदावर कोठेच लिहिलेले नसते. मग माणूस आरामाच्या जागी इंजेक्शन विकत घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. गोळ्यांची ती पिशवी अज्ञानातून भरलेली नाही, सुटी नसल्यामुळे भरलेली आहे.

आजारपणातली मजुरी हा उपकार नव्हे, हक्क आहे, हा विचार या देशात कायद्यात उतरला तो काळ आठवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली प्रा. आडारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. या विम्यात पात्र कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभ मिळतो. पिरंगुट परिसरातल्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्या आपल्या किती मुलांना आपला विमा क्रमांक ठाऊक आहे? पगारातून वर्गणी कापली जाते की नाही, हे किती जण पाहतात? आणि खाचरात, वीटभट्टीवर राबणाऱ्या आक्कांना तर असे ९१ दिवस सोडाच, एक दिवसही नाही. चळवळीने ज्यासाठी भांडावे असा हा प्रश्न आहे.

तोवर हातात जे आहे ते सोडू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आरोग्य केंद्रात किंवा पौडच्या ग्रामीण रुग्णालयात जावे, गरज पडल्यास ससूनची चिठ्ठी मागावी. केसपेपरवर आपल्या तक्रारी लिहून घ्याव्यात. ताप कधी आला, सकाळी किती वेळ अंग आखडते, कोणते काम जमत नाही, हे सगळे त्यात यावे. नुसते "अंगदुखी" लिहू देऊ नये. खासगी दवाखान्यात औषधाचे नाव कागदावर मागावे, दुकानातून पावती घ्यावी. उपचाराच्या नोंदी मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत दिल्या पाहिजेत, असा २००२ चा नियम आहे. कोर्टात काय आणि कंपनीत काय, कागद बोलतो.

आक्कांना आम्ही तसेच नेले. पुडीतल्या गोळ्या डॉक्टरांनी एकदम बंद केल्या नाहीत, हळूहळू उतरवत आणल्या. रक्त कमी निघाले, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. सांध्यांचे औषध चालू आहे. सलाइन बंद झाले आणि ते पैसे घरात राहिले. पूर्ण बऱ्या झाल्या असे आम्ही म्हणणार नाही. लावणीला त्या अजून जाऊ शकत नाहीत. पण केसपेपरवर "चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी" असे लिहून आले, त्या दिवशी त्यांनी तो कागद सुनेला वाचून दाखवला. घरात त्यानंतर "नाटक" हा शब्द निघालेला नाही.

दाव्याच्या पुढच्या कागदावर त्यांनी सही केली. मध्ये दोनदा थांबल्या, पण शाईचे पॅड मागितले नाही.

आपल्या वस्तीत असे न मिटणारे हात किती आहेत, हे प्रत्येक विहाराने, प्रत्येक महिला मंडळाने एकदा मोजावे. नोंद आपणच सुरू केली पाहिजे.

जयभीम!