जांभळ्या पुस्तकानंतर काय?
घरी गणित शिकवताना पुढचा संच निवडण्याबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिक्वॉन मॅथ या संचातले सहावे, जांभळे पुस्तक संपले की पुढे पुस्तक नाही. नारिंगी, लाल, निळे, हिरवे, पिवळे आणि जांभळे अशी सहा पुस्तके आणि त्यांत साधारण पहिली ते तिसरीचे गणित. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मिक्वॉन नावाची शाळा आहे. तिथे लोर रासमुसेन यांनी १९६० च्या दशकात हा संच तयार केला. मुले एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या रंगीत क्युझनेअर कांड्या मांडतात, जोडतात, मोजतात आणि त्यातून बेरजेपासून अपूर्णांकापर्यंत पोचतात. चौथीचे मिक्वॉन मात्र कधी निघालेच नाही.

म्हणून मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की अशा प्रत्येक घरात प्रश्न उभा राहतो, आता काय? इतर संच वापरणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. सॅक्सन मॅथचे तिसरीपर्यंतचे संच नॅन्सी लार्सन यांनी लिहिले. त्यांत पालकाने काय बोलायचे तेसुद्धा छापलेले असते. पुढचे ‘५/४’ हे पुस्तक स्टीफन हेक यांचे आहे आणि त्याची घडण अगदी वेगळी आहे. नाव तेच राहिले, तरी मुलासाठी ते नवे पुस्तकच असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या पाहणीनुसार २०१९ मध्ये तिथली सुमारे २.८ टक्के मुले घरी शिकत होती. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांत आणि पुण्या-मुंबईत घरी शिकवणाऱ्या कुटुंबांतही हीच पुस्तके हाताळली जातात. तिसरी ते पाचवीची ही वर्षे नाजूक असतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर ऐकीव समजुतींवरून खरेदी होते. त्यातल्या सहा समजुती इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : मूल तिसरी संपवून चौथीत गेले, म्हणून मुखपृष्ठावर ४ असलेले पुस्तक घ्यावे.

मुखपृष्ठावरचा आकडा म्हणजे इयत्ता, असे प्रत्येक संचात नसते. सॅक्सनचे ‘५/४’ हे नावच तसे सांगते. पाचवीतल्या सर्वसाधारण मुलासाठी किंवा चौथीतल्या वेगाने शिकणाऱ्या मुलासाठी ते आहे. स्टीव्ह डेमी यांच्या मॅथ-यू-सी संचात इयत्ताच नाहीत. तिथे अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन, झीटा अशी ग्रीक अक्षरे आहेत. जोन कॉटर यांच्या राइटस्टार्टमध्ये पातळ्यांना अक्षरांची नावे आहेत. ‘आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’चे बीस्ट अकॅडमी चित्रकथेच्या रूपात येते, त्यामुळे ते हलकेफुलके वाटते. पण त्याच्या सराव-पुस्तकातली तारांकित उदाहरणे शाळेत त्याच इयत्तेत असलेल्या हुशार मुलालाही बराच वेळ अडवून ठेवतात.

सॅक्सन, सिंगापूर मॅथ, मॅथ-यू-सी, मॅथ मॅमथ या सगळ्यांच्या संकेतस्थळांवर पातळी ठरवण्याच्या चाचण्या मोफत मिळतात. मुखपृष्ठापेक्षा त्या चाचणीवर विसंबावे. चाचणीत मूल एक पातळी मागे निघाले, तर त्याचा अर्थ मूल कच्चे आहे असा होत नाही. बहुतेक वेळा त्या संचाने ते प्रकरण आधी घेतलेले असते आणि मुलाच्या जुन्या संचाने अजून घेतलेले नसते.

गैरसमज २ : गणित सगळीकडे सारखेच, त्यामुळे एक संच संपवून दुसऱ्यात सहज जाता येते.

गणित सारखे असले तरी क्रम सारखा नसतो. मॅथ-यू-सीच्या अल्फात एकअंकी बेरीज-वजाबाकी येते, बीटात हातच्याची आणि मोठ्या संख्यांची. गुणाकार पद्धतशीरपणे येतो तो गॅमात, भागाकार डेल्टात आणि अपूर्णांक एप्सिलॉनमध्ये. सिंगापूरच्या प्रायमरी मॅथेमॅटिक्समध्ये दुसरीतच २, ३, ४, ५ आणि १० च्या पटींचे गुणाकार-भागाकार होतात आणि तिसरीच्या पूर्वार्धात ६ ते ९ चे. मिक्वॉनमधले मूल तर पहिल्या वर्षापासूनच चारही क्रिया आणि अपूर्णांक हाताळत असते.

आता बीटा उत्तम रीतीने पुरे केलेल्या मुलापुढे सिंगापूरचे तिसरीचे पुस्तक ठेवले, तर ते पहिल्याच महिन्यात अडखळेल. त्याची हुशारी कमी पडत नाही, मधला गुणाकाराचा जिनाच चढायचा राहिलेला असतो. संच बदलायचा असेल तर दोन्हींच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवाव्यात, राहिलेल्या प्रकरणांवर खूण करावी आणि ती भरून काढायला महिना-दोन महिने द्यावेत. मॅथ मॅमथच्या लेखिका मारिया मिलर यांची निळी मालिका एकेका विषयाची सुटी पुस्तके देते. अशा डागडुजीला ती उपयोगी पडते.

गैरसमज ३ : एक प्रकरण पक्के करूनच पुढे जावे, विषय मिसळले की मुले गोंधळतात.

घरी शिकवणाऱ्यांमध्ये यावर दोन तट आहेत. एका बाजूला एका वेळी एकच विषय पूर्ण करणारे संच, दुसऱ्या बाजूला थोडेथोडे शिकवत पुन्हापुन्हा वळून येणारे. ही ‘स्पायरल’ कल्पना जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडली. सॅक्सन दुसऱ्या टोकाला आहे. जॉन सॅक्सन हे अमेरिकी हवाई दलातून निवृत्त झालेले अधिकारी. ओक्लाहोमातल्या महाविद्यालयात शिकवताना विद्यार्थी मागचे सगळे विसरतात हे त्यांनी पाहिले, आणि रोजच्या स्वाध्यायात जुनी उदाहरणे मिसळणारे बीजगणिताचे पुस्तक १९८१ मध्ये काढले.

मिश्र सरावाने गोंधळ होतो, हे निरीक्षण खोटे नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणे सलग सोडवली, दुसऱ्या गटाने सगळी मिसळून. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, दुसऱ्याची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर घसरला होता आणि दुसरा ६३ वर होता. पुढे सातवीच्या वर्गांतही मिश्र सरावाचा असाच फायदा दिसला.

वहीत सलग बरोबर उत्तरे दिसली की पालक निर्धास्त होतात. पण सगळी उदाहरणे भागाकाराचीच आहेत हे माहीत असले, की कोणती क्रिया करायची हे ओळखण्याचे कामच मुलाला उरत नाही. एकेक विषय घेणारा संच आवडत असेल तर तो जरूर घ्यावा, फक्त आठवड्यातून दोनदा जुन्या प्रकरणांची मिसळलेली चार-पाच उदाहरणे त्याला जोडावीत.

गैरसमज ४ : सिंगापूर मॅथ म्हणजे आशियाई घोकंपट्टी.

वस्तुस्थिती उलट आहे. सिंगापूरच्या अभ्यासक्रम विकास संस्थेने १९८२ मध्ये प्रायमरी मॅथेमॅटिक्स काढले. आधी प्रत्यक्ष वस्तू, मग चित्र आणि शेवटी चिन्हे, हा क्रम त्या पद्धतीचा कणा बनला. त्याचे मूळ ब्रूनर यांच्याच विचारात आहे. १९९५ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय पाहणीत सिंगापूरची मुले गणितात पहिली आली आणि जगाचे लक्ष या पुस्तकांकडे गेले. १९९८ मध्ये ती एका छोट्या कंपनीमार्फत अमेरिकेतल्या घरांत पोचू लागली.

या पद्धतीची ओळख म्हणजे पट्ट्यांची आकृती. रमाकडे अनूपेक्षा १२ आंबे जास्त आहेत आणि दोघींचे मिळून ४८ आहेत, प्रत्येकीकडे किती? मूल दोन पट्ट्या काढते, एक थोडी लांब. लांब पट्टीतला १२ चा तुकडा बाजूला केला की ३६ चे दोन सारखे भाग उरतात. अनूचे १८, रमाचे ३०. बीजगणित शिकायच्या आधी मुलाने त्यातला विचार चित्रातून केलेला असतो.

चूक होते ती खरेदीत. फक्त सराव-पुस्तक घेतले जाते आणि मार्गदर्शिका महाग म्हणून वगळली जाते. वस्तूंची मांडणी, तोंडी हिशेब आणि चर्चा हे सगळे मार्गदर्शिकेत असते. ती नसेल तर उरतात नुसती उदाहरणे, आणि मग ‘सिंगापूर आमच्याकडे चालले नाही’ असा निष्कर्ष निघतो.

गैरसमज ५ : प्राथमिक गणित कोणीही शिकवू शकतो आणि तिसरीनंतर ठोकळे-मण्यांची गरज नसते.

लिपिंग मा यांच्या १९९९ च्या प्रसिद्ध अभ्यासात शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण सोडवायला आणि त्यावर गोष्ट रचायला सांगितले होते. २३ अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना पूर्ण बरोबर उत्तर काढता आले आणि योग्य गोष्ट जवळजवळ कोणालाच सुचली नाही. चीनच्या सर्व ७२ शिक्षकांचे उत्तर बरोबर होते. पावणेदोन किलो साखरेच्या अर्ध्या किलोच्या पुड्या किती, असे विचारले की साडेतीन हे उत्तर डोळ्यांसमोर येते. चौथी-पाचवीचे गणित सोपे दिसते, पण ते समजावून देणे सोपे नाही.

गणिताची धास्ती असलेल्या पालकांनी यावरून माघार घेण्याचे कारण नाही. त्यांनी संच निवडताना स्वतःचाही विचार करावा. मॅथ मॅमथमध्ये स्पष्टीकरण थेट मुलाला उद्देशून पानावरच असते, तर मॅथ-यू-सीमध्ये चित्रफिती आहेत. राइटस्टार्ट सुंदर आहे, पण पालकाला रोज शेजारी बसावे लागते. धाकटे भावंड कडेवर असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरतो.

साहित्याचेही तसेच. नवी कल्पना आली की कांड्या पुन्हा बाहेर काढाव्यात. दशांशासाठी दहाची कांडी ‘एक’ मानली की पांढरा एकाचा ठोकळा एक दशांश होतो. राइटस्टार्टमध्ये मुले आधी तेवीसला ‘दोन दहा तीन’ असे म्हणतात. मराठी वाचकांना यावरून २०१९ चा वाद आठवेल. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असे संख्यावाचन सुचवले, आणि महाराष्ट्रभर खळबळ उडाली. प्रश्न मात्र खरा होता. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा. परदेशात वाढणाऱ्या, दोन भाषांत मोजणाऱ्या मुलाला मण्यांच्या माळेवर दशक-एकक दाखवत राहणे चौथीतही उपयोगी पडते.

गैरसमज ६ : पाढे पाठ झाले की पाया भक्कम.

पाढे हवेतच. सहा सत्ते किती यावर मूल अडत असेल तर दीर्घ भागाकारात त्याची सारी शक्ती तिथेच खर्च होते. पण पाया तेवढ्यावर उभा राहत नाही. रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची दीर्घकाळची माहिती तपासली. दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार यांची असलेली जाण हा सोळाव्या वर्षीच्या गणितातल्या यशाचा ठळक पूर्वसंकेत ठरला. कुटुंबाचे उत्पन्न आणि मुलाची बुद्धिमत्ता हिशेबात धरूनही तो टिकला.

म्हणजे पुढचा संच चाळताना पहिल्यांदा अपूर्णांकाची प्रकरणे उघडावीत. तिथे फक्त पिझ्झाचे तुकडे आहेत की संख्यारेषाही आहे? तीन चतुर्थांश मोठे की दोन तृतीयांश, याचे कारण मुलाला विचारले आहे का? पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द ज्या घरात रोज कानावर पडतात, त्या घराकडे या प्रकरणाची तयारी आधीच असते. स्वयंपाकघरात ती वापरावी.

भारतात राहून अमेरिकी संच वापरणाऱ्यांना एक जोडकाम करावे लागते. त्या पुस्तकांत फूट, इंच, पाउंड, डॉलर भरपूर असतात आणि मोठ्या संख्या लाखाऐवजी हजारांच्या गटांत लिहिलेल्या असतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणाच्या पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. त्या मार्गाने जायचे असेल तर एनसीईआरटीचे ‘मॅथ्स मेला’ किंवा बालभारतीची पुस्तके सोबत ठेवावीत. दोन्ही मोफत उतरवून घेता येतात.

खरेदीआधी एक सकाळ मुलाबरोबर बसावे. ३०४ मधून १७८ वजा करताना हातच्याचे काय झाले, ते त्याला बोलून सांगू द्यावे. ५३ चिंचा चौघांत वाटल्या तर काय उरते ते विचारावे. पोळीचा अर्धा मोठा की तिसरा हिस्सा, आणि का, हे चित्राने दाखवू द्यावे. एखादे शाब्दिक उदाहरण मदतीशिवाय वाचू द्यावे. जिथे ते थांबले ती जागा लिहून ठेवावी, मग पातळीची चाचणी घ्यावी आणि दोन संचांचे नमुना-पाठ आठवडाभर करून पाहावेत. तोपर्यंत कोणत्याही पुस्तकाची मागणी नोंदवू नये.